मुरघासातला भोंगा

मित्रांनो, मी एक डुप्लिकेट घड्याळ आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. नाहीतर माझी सोनेरी कडा आणि हिरवी तबकडी बघून तुम्ही मला कुणातरी चेअरमनच्या मनगटावरचं समजाल, आणि उगाच उठून खुर्ची द्याल.

माझा जन्म लांबच्या कुठल्यातरी देशात, एका कोंदट खोलीत झाला. आम्ही सगळी भावंडं एका ट्रेमध्ये ओळीनं पडलो होतो. प्रत्येकाच्या तोंडावर एकाच बड्या कंपनीचं नाव होतं, आणि त्या कंपनीला आमचा पत्ताही नव्हता. माझ्या तबकडीवर असंही लिहिलं होतं, की हे घड्याळ समुद्रात तीनशे मीटर खोल जाऊ शकतं. एवढं लिहून मला पाठवलं कुठं? जामखेडला.

तिथं बसस्टँडजवळ कल्याणचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. घर खर्ड्याच्या बाजूला, मळ्यात. घरामागं गोठा, गोठ्यात चार गायी. कल्याणला माझ्यासारखी घड्याळं जमवायचा नाद आहे. जमवायची, खोलायची, याची तबकडी त्याला, त्याचे काटे याला. आईचा जुना मिसळणाचा डबा त्यानं मागून घेतलाय आणि प्रत्येक वाटीत एकेक घड्याळ ठेवलंय. मी हळदीच्या वाटीत होतो. अजून माझ्या सांध्यांत थोडी हळद आहे, त्यामुळे माझं सोनं जास्तच खरं वाटतं.

कल्याणची आई भीमाबाई. तिनं मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्या तीनशे मीटरचा अर्थ विचारला. कल्याणनं सांगितला. ती म्हणाली, "तीनशे मीटर? आपल्या बोरला तेवढ्यावरबी पानी लागलं न्हाई. ह्ये तिथं जाऊन काय करनार हाय?"

पण कल्याणचा एक गुण सांगतो. तो आम्हाला कधी खरं म्हणाला नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, "ओरिजिनल का?" तर तो छाती काढून सांगायचा, "डुप्लिकेट हाय. पन डुप्लिकेटमदी एक नंबर!"

याच्या बरोबर उलटे म्हणजे शेजारचे श्रीमंत. आडनाव सांगत नाही, नाव पुरे आहे. त्यांच्या मनगटावर माझाच सख्खा भाऊ होता, त्याच ट्रेमधला. पण ते सगळ्यांना सांगत, "मेव्हन्यानं दुबईवरनं आनलंय." कल्याणनं त्याचा सेल दोनदा बदलला होता. आतलं यंत्र बघून तो दोन्ही वेळा गप्प बसला.

आता कल्याणचे वडील, काकासाहेब. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. पाळी बदलायची वेळ झाली, की भोंगा द्यायचं काम त्यांचं. त्यांनी दांडा ओढला, की आसपासच्या गावांत चुली पेटायच्या, पोरं शाळेला पळायची. मग ते रिटायर झाले आणि कारखान्याची कॉलनी सोडून मळ्यात राहायला आले. इथवर कसला भोंगा ऐकू यायला! माणसाचं पार तंत्र बिघडलं. भलत्या वेळी गायीखाली बादली घेऊन बसायचे. गाय वळून बघायची, हे गायीकडं बघायचे. जेवायला वाढलं तर म्हणायचे, "आत्ता? पाळी तरी सुटलीय का?"

"अवो, मोबाईलमदी येळ बगा की," भीमाबाई म्हणायची.

"मोबाईल काय मला हाक मारतोय व्हय?"

हे ऐकून कल्याणनं मला डब्यातून बाहेर काढलं. मित्रांनो, त्यानं माझ्यावर जी मेहनत घेतली ती माझ्या जन्मदात्यांनीही घेतली नव्हती. कंपनीचं नाव खरवडून तिथं बारीक ब्रशनं 'काकासाहेब' लिहिलं. आकडे मराठीत केले. कंपनीचा छापील मुकुट होता त्या जागी कारखान्याची चिमणी काढली, वर धुराचा एक ठिपका. काकासाहेबांचं मनगट चांगलं जाड, म्हणून दुसऱ्या एका घड्याळाच्या कड्या काढून माझ्या पट्ट्याला जोडल्या. आणि सगळ्यात मोठी गंमत: तो मोटारसायकल घेऊन कारखान्यावर गेला, गेटबाहेर उभा राहून खराखुरा भोंगा मोबाईलवर रेकॉर्ड केला, आणि एका बोलक्या बाहुलीच्या पोटातली चकती काढून तो आवाज माझ्या पोटात बसवला. सकाळच्या आणि दुपारच्या पाळीला मी भोंगा देणार. रात्रीच्या पाळीचा त्यानं आईकडं बघून वगळला.

कारखान्यानं दिलेली गांधी टोपी घालून काकासाहेब ओट्यावर बसले होते. कल्याणनं मला पुढं केलं. पाळीला अजून वेळ होता, म्हणून भोंग्याचं तो काही बोलला नाही. आपोआप वाजेल तेव्हा वडिलांचं तोंड बघायचं होतं त्याला.

काकासाहेबांनी मला उलटंसुलटं केलं. "ह्ये त्यातलंच का? डब्यातलं?"

"व्हय आबा. पन तुमच्यासाठी मुद्दाम..."

"नाव माझं आन माल खोटा?" त्यांनी मला ओट्यावर ठेवलं. "जलमभर खरी हजेरी लावलीय मी, कल्या. आता मनगटाला खोटं बांधू?"

"आबा, येळ तर खरीच दावतंय."

"तुझ्या हातात घाल."

मी आजवर बऱ्याच जणांकडून 'खोटं' हा शब्द ऐकलाय. पण त्या दिवशी तो मला लागला नाही, कल्याणला लागला. त्यानं मला आपल्या मनगटात घातलं. आबांच्या मापाचा पट्टा तो; त्याच्या हातात मी बांगडीसारखा फिरायला लागलो. तसाच तो गोठ्याकडं गेला, कारण मुरघास भरायचा होता.

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. हिरवी मका बारीक कुट्टी करून मोठ्या पिशवीत भरतात. आतली हवा जावी म्हणून पिशवीत उतरून ती तुडवतात. मग तोंड घट्ट बांधून, वर वाळूची पोती ठेवून दीड महिना हात लावत नाहीत. आत ती मका लोणच्यासारखी आंबते, आणि उन्हाळ्यात गायी ती मिटक्या मारत खातात. हवा शिरली, की बुरशी लागून सगळं वाया.

कल्याण पिशवीत उतरून रागानं तुडवत होता. इतक्या रागानं, की मी कधी सटकलो ते त्याला कळलं नाही, मलाही नाही. वरून कुट्टी पडली, पाय पडले, अंधार झाला. पिशवी बांधून वर पोती चढल्यावर त्याचं मनगटाकडं लक्ष गेलं.

"आबा, घड्याळ आत ऱ्हायलं! तोंड जरा सोडू का?"

"एका खोट्या घड्याळापायी चार गायींचा उन्हाळा घालवतो का? ऱ्हाऊ दे."

समुद्रात तीनशे मीटर जाणारा मी, असा मक्यात चार फूट बुडालो.

आणि मग दुपारची पाळी झाली.

मी वाजलो. माझं ते कर्तव्यच होतं. भीमाबाई गायीला भिजवलेल्या पेंडीचं आंबोण घालत होती. पिशवी एकदम हंबरली. गाय बिथरली, पाटी उडाली, आंबोण भीमाबाईच्या डोक्यावर. पण खरी मजा ओट्यावर झाली. काकासाहेब ताडकन उठले, टोपी नीट केली, पायात चपला सरकवल्या आणि तरातरा फाटकाकडं चालू लागले.

"अवो, कुठं निघाला?"

"पाळीवर," ते म्हणाले. फाटकाला हात लावला आणि तिथंच थबकले.

मग हळूहळू माघारी आले आणि पिशवीसमोर उभे राहिले. "ह्यो... आपल्या कारखान्याचाच भोंगा हाय. शेवटाला घोगरा होतोय बग. व्हॉल्व्ह खराब हाय त्याचा. मी दहादा सांगितलं, कुनी बदलला न्हाई."

कल्याणनं मान खाली घालून सगळं सांगितलं.  त्या दिवशी काकासाहेब वेळेवर जेवले.

तेव्हापासून घराची घडी बसली. सकाळी पिशवी वाजली, की काकासाहेब धारेला. दुपारी वाजली, की चहा. गायीही शिकल्या, भोंगा झाला, की चौघी रांगेत उभ्या. गावभर बोभाटा झाला आणि श्रीमंत चौकशीला आले. "पिशवीत कोन कोंडलंय, काकासाहेब? लोकं कायबाय बोलत्यात." त्यांनी पिशवीला कान लावला. मी कुणासाठी थांबत नाही. पाळी झाली, वाजलो. श्रीमंत उलट्या पावलांनी गेले ते थेट शेणाच्या खड्ड्यात, कमरेपर्यंत.

ते बाहेर निघाले, पण त्यांच्या मनगटावरच्या माझ्या भावाचं झाकण निघून आतलं यंत्र लोंबत होतं. प्लास्टिकचं, बारीकसं. काकासाहेबांनी वाकून बघितलं.

"श्रीमंतराव, तुमच्या दुबईत बी प्लॅस्टिकच मिळतंय वाटतं?"

"ते... मेव्हन्याला फसवलं आसंल कुनीतरी."

कल्याण म्हणाला, "आना इकडं काका, बसवून देतो."

संध्याकाळी काकासाहेब भीमाबाईला म्हणाले, ते मी मक्यातून ऐकलं. "त्या श्रीमंताचं घड्याळबी खोटं आन तोंडबी. आपल्या कल्याचं तोंड तरी खरं हाय."

"मग त्याला सांगा की तसं."

"बगू."

पण मित्रांनो, माझा सेल काही बॉयलरच्या ताकदीचा नव्हता. भोंगा दिवसेंदिवस बारीक होत गेला. आधी हंबरणारी पिशवी पुढं पुढं कण्हायला लागली. काकासाहेब खुर्ची पिशवीजवळ सरकवायचे. आणि एका दुपारी माझ्या पोटातून नुसती 'टिक' आली, पुढं काही नाही.

गायी रांगेत उभ्याच राहिल्या. काकासाहेबही. चहा निवला. मग ते आत गेले आणि विळा घेऊन आले.

कल्याण धावला. "आबा, काय करताय?"

"फाडतो पिशवी. त्यो आत गुदमारलाय."

"हवा शिरल आबा! बुरशी लागल! चार गायींचा उन्हाळा..."

"माझंच बोलनं मला ऐकवतो व्हय रे?"

"व्हय. थोडेच दिस ऱ्हायलेत. मी नवा सेल आनून ठिवलाय."

काकासाहेबांनी विळा खाली ठेवला. राहिलेले दिवस बापलेक दोघं पाळीच्या वेळेला पिशवीजवळ बसायचे. काकासाहेब बॉयलरच्या गोष्टी सांगायचे, कल्याण घड्याळांच्या. एकदा त्यांनी मिसळणाचा डबाही मागवला आणि एकेक वाटी उघडून बघितली. म्हणाले, "ह्यातलं जिऱ्याच्या वाटीतलं बरंय."

पिशवी उघडली तेव्हा आंबूस, गोडसर वास सुटला. गायी दाव्याला हिसके द्यायला लागल्या. काकासाहेबांनी कुणाला हात लावू दिला नाही. बाह्या सारून मका उपसत उपसत आत शिरले आणि मला शोधून काढलं. माझी सोनेरी कडा हिरवी झाली होती, धुराचा ठिपका पुसला होता. धोतराच्या सोग्यानं त्यांनी मला पुसलं आणि कल्याणपुढं आपलं मनगट धरलं.

"बांध."

"आबा, खोटं हाय."

"म्हाईत हाय. भोंगा खरा हाय ना? बांध. आन सेल टाक आधी."

पट्टा बरोबर बसला. माप त्यांचंच होतं.

आता मी रोज त्यांच्या मनगटावर असतो. कितीही घासलं तरी मुरघासाचा वास जात नाही, त्यामुळे ते गोठ्यात शिरले, की चारही गायी आधी माझीच तबकडी चाटतात. तीनशे मीटर पाण्याची परीक्षा माझी अशी रोज लाळेत होते, आणि मी पास होतो. परवा एका लग्नात कुणी विचारलं, "काकासाहेब, ओरिजिनल का?" त्यांनी छाती काढून सांगितलं, "डुप्लिकेट हाय. पन माझ्या पोरानं क्येलंय, ह्ये ओरिजिनल." तेवढ्यात मी वाजलो. मंगलाष्टका थांबल्या, भटजींनी वर बघितलं, आणि काकासाहेब सवयीनं उठून दाराकडं चालू लागले.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्यासाठी कुणी काही मन लावून केलं असेल, तर ते खरं की खोटं हे विचारायच्या आधी, जरा पाळीची वेळ होईपर्यंत थांबा. आणि घरातल्या घड्याळाचा सेल वेळेवर बदला. आतून हाक मारायला आम्हाला तेवढीच ताकद लागते.