डावा गोल लहान

"ताई, हात काढ गुडघ्यावरून."

"कुठाय हात?"

"गुडघ्यावर आहे. माझ्या डोळ्यांदेखत आहे."

"मग डोळे मीट की जरा."

मिस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. ते खाली उकिडवे बसले होते आणि ताई वर लाकडी घोड्यावर बसली होती. घोडा म्हणजे मिस्त्रींनी स्वतः ठोकलेली चौकट. वर सायकलची सीट, पुढे हँडल. खाली मात्र चाक नाही, चेन नाही, पायडल नाही. पाय मोकळे लोंबतात. टाचेला पेन्सिल बांधायची, शेजारच्या फळीवर खाकी कागद लावायचा आणि माणसाला म्हणायचं, चालवा, हवेतच चालवा. पाय वळेल तेवढा वळतो आणि कागदावर आपली रेघ काढतो. कुणाची रेघ अंड्यासारखी, कुणाची नुसती चंद्रकोर. त्या रेघेच्या पोटात मावेल एवढा गोल मिस्त्री काढत आणि पायडलचा फेरा तेवढाच ठेवत. पायडल ज्या लोखंडी दांडीला असतं ती क्रँक आखूड केली की फेरा लहान होतो, आणि फेरा लहान झाला की गुडघ्याला कमी वाकावं लागतं. एवढीच विद्या. पण ही विद्या असलेलं दुकान गावात एकच होतं, आणि आखडलेल्या, वाळलेल्या, ताठलेल्या पायांची माणसं लांबलांबून तिथे येत आणि जाताना सायकलवरून जात.

"काढला हात," ताई म्हणाली.

"आता श्वास सोड."

"श्वासाचं काय घेऊन बसलास?"

"कोंडून धरलायस. गाल बघ, फुग्यासारखे झालेत. आणि बाह्यांना हे पांढरं काय लागलंय? घर रंगवायला काढलंस की काय?"

ताईने बाही झटकली. चुना उडाला, गेला नाही. "लागला असेल कुठंतरी. तू कागदाकडे बघ."

कागदावर दोन्ही पायांच्या रेघा ऐटीत उमटल्या होत्या. डाव्याची लहान, ती लहानपणापासून तशीच. पण उजव्याची मोठी, गोलमटोल, चाळिशीतल्या बाईला शोभावी अशी. ताई सहासष्ट वर्षांची होती. तिचा डावा गुडघा तापाने धरला तो आठव्या वर्षी, आणि तेव्हापासून दोघांचं काम एकट्या उजव्याने केलं होतं. आता तोही थकला होता. दुकानाची एक पायरी चढताना तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, हे मिस्त्रींनी पाहिलं होतं.

"हा पाय तुझा नाही," ते म्हणाले. "हा तुझ्या हट्टाचा पाय आहे."

"माप घ्यायचंय ना? मग घे. दोन्हीकडची दांडी दोन बोटं आखूड कर. परवा दे."

"चहा टाकू?"

"टाक. पण मला बोलण्यात गुंतवू नकोस. ती युक्ती माझी आहे."

खरंच तिचीच होती. मापाच्या वेळी प्रत्येक जण पायाने खोटं बोलतो, हे मिस्त्रींना पहिल्या दोन-चार सायकली फसल्यावर कळलं. माणूस घोड्यावर बसला की त्याला आपला सगळ्यांत चांगला दिवस आठवतो. त्या दिवसाच्या मापाने सायकल केली तर ती त्या एका दिवसापुरतीच चालते. तेव्हा ताई नुकती नर्स झाली होती. ती म्हणाली, "आम्ही नाडी बघायच्या आधी पेशंटला बोलतं करतो. मुलांचं विचार, चहा दे, हसव. विसरला की मग बघ." तेव्हापासून मिस्त्री पहिला कागद फाडून टाकत आणि चहानंतरचा ठेवत. फडताळात त्या खऱ्या कागदांच्या सुरळ्या होत्या. प्रत्येकीवर लिहिलेलं असे: घड्याळवाले. शाळेतल्या शिपाईण. पाववाल्यांचा धाकटा. आणि सगळ्यांत खाली, एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बारा वर्षांच्या पोराच्या अक्षरात: डावा गोल लहान.

ती पहिली सायकल होती. ताई सोळा वर्षांची, नर्सिंगला निघालेली. कुणीतरी तिच्यासाठी हाताने चालवायची तीनचाकी पाठवली होती, नवीकोरी, हिरवी. ताईने तिच्याकडे पाहिलं आणि बाबांना सांगितलं, "परत पाठवा. माझे हात लोकांना उचलायला लागणार आहेत. गाडीला मी पायच लावीन, कसलाही असला तरी." बाबांनी गाडी परत पाठवली. आणि छोट्याने, म्हणजे तिच्या बारा वर्षांच्या धाकट्या भावाने, आताच्या मिस्त्रींनी, त्याच दुपारी बाबांच्या सायकलची डावी क्रँक काढून तिला वर दुसरं भोक पाडलं.

आणि चूक केली. डाव्या पायडलची आटी, म्हणजे स्क्रूसारखा पेच, उलटी असते, ते उलटं आवळावं लागतं. त्याने भोकाला सरळ आटी पाडली आणि उजवंच पायडल तिथे बसवलं. ताई सायकलवर बसली, निघाली, कोपऱ्यावरून वळली. आणि जसजशी ती मारत गेली तसतसं पायडल सुटत गेलं. अर्ध्या तासाने ती लंगडत परत आली. गुडघे फुटलेले, वेणी सुटलेली, हातात पायडल. "छोट्या," ती म्हणाली, "हे तुझं रस्त्यात पडलं होतं." आणि दोघं घराच्या पायरीवर बसून इतकी हसली की बाबांना वाटलं, रडतायत.

चहा झाला. ताईने सावधपणे, एकही गोष्ट न सांगता प्यायला.

"ताई, तीन चाकी करू या," मिस्त्री कपाकडे बघत म्हणाले. "पायाचीच. पण पडायची भीती नाही."

"बोळात जाईल?"

कुठला बोळ, ते मिस्त्रींना ठाऊक होतं. सेवेतून मोकळी झाल्यावर ताई घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधत असे, इंजेक्शनं देत असे. त्यातले बँडमास्तर एका बोळात राहत. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असा तो बोळ. आत मास्तर, आणि त्यांच्या पायाची दोन वर्षं न भरणारी जखम.

"तोंडाशी ठेवून चालत जा," ते म्हणाले.

"चालत जाता आलं असतं तर तुझ्या या घोड्यावर कशाला चढले असते?" ती उठली. "परवा येते. दोन बोटं. दोन्हीकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री टेप घेऊन बोळात गेले. तोंडाशी मापला, मध्ये मापला, वळणावर दोनदा मापला. दोन्हीकडच्या भिंतींना चुना होता, पण खांद्याच्या उंचीवर एक पट्टा पुसून गेला होता, आतली वीट दिसत होती. कुणाची गाय खेटत असेल, असं त्यांना वाटलं. मास्तरांचं दार उघडंच होतं.

"या मिस्त्री!" मास्तर खाटेवरून ओरडले. आयुष्यभर क्लॅरिनेट फुंकलेला माणूस. आवाज अजून छातीतून यायचा. "बरोबर वेळेला आलात. बसा खिडकीशी. आता गंमत दिसेल."

"कसली?"

"श्श. ऐका."

बोळाच्या तोंडाशी घंटी दोनदा वाजली.

"मेन रोडवरून उतारावर येते हो, पायडल न मारता," मास्तर कुजबुजले. "पण बोळ चढाचा. आता बघा. नावाड्यासारखी येते."

मिस्त्रींनी खिडकीतून पाहिलं. ताईने पाय पायडलवर नुसते ठेवले होते. एक हात हँडलवर आणि दुसरा भिंतीवर. तळवा टेकवायची, कोपर ताणायची, सायकल हातभर पुढे सरकायची. मग हात बदलायचा. या भिंतीला रेटा, त्या भिंतीला रेटा. पाठ ताठ, मान वर, बॅग खांद्याला. वळणावर सायकल डुगडुगली, तिने खांद्याने भिंत धरली आणि तिथेच थांबून कपाळ चुन्याला टेकवलं. किती वेळ, ते मिस्त्रींनी मोजलं नाही. मग ती सरळ झाली, पदराने कपाळ पुसलं आणि उरलेला बोळ पार केला.

मास्तर हसत होते, कौतुकाने. "आहे की नाही वाघीण?"

"मी आलो होतो सांगू नका," मिस्त्री म्हणाले आणि मागच्या दाराने निघून गेले.

वाटेत त्यांना आपलीच लाज वाटली. दुकानात येणाऱ्या परक्या माणसाचा पाय बघायच्या आधी ते त्याचे हात बघत. पकड कशी, मनगट कसं, खांद्यात जोर किती. पाय अगदीच साथ देत नसला तर गाडी हातावर घालत. अशा कितीतरी घातल्या होत्या. आणि पन्नास वर्षं ज्या बाईच्या सायकलला तेल घातलं, तिचे हात त्यांनी कधी बघितलेच नव्हते. सोळा वर्षांच्या पोरीने सांगितलं होतं, हात नाही; आणि छोट्याने ते ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, ताई आली तेव्हा घोड्यावरची फळी बदललेली होती. कागद खाली नव्हता, समोर छातीशी होता.

"हे काय?"

"बस."

"छोट्या, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं..."

"सांगितलं होतंस. हात दुसऱ्या कामाला हवेत. मग बोळात ते कुठल्या कामाला लावतेस?"

ताईने आपल्या बाह्यांकडे पाहिलं. "मास्तर मेला तोंडाळ."

"मास्तर काही बोलले नाहीत. मी खिडकीत होतो."

"किती वेळ?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे वळणावर पण."

"वळणावर पण."

ताई घोड्याच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर कुणीतरी पंप मागायला आलं, मिस्त्रींनी बोटाने कोपऱ्यात दाखवलं, माणूस हवा भरून गेला.

"हसलास का रे?" तिने विचारलं.

"मास्तर हसले. मला जमलं नाही." मिस्त्री खाली बघून पेन्सिलीला टोक काढत होते. "ताई, तू कधीचीच हाताने चालवतेयस. मी फक्त त्याला चाकं लावतो."

 ताई घोड्यावर चढली, आणि तिने मनगट पुढे केलं. मिस्त्रींनी पेन्सिल बांधली. पहिल्यांदाच त्यांनी ते मनगट जवळून पाहिलं. रुंद, कणखर, चाळीस वर्षं जडशीळ माणसांना कुशीवर वळवून तयार झालेलं.

"चालव," ते म्हणाले.

ना श्वास कोंडला, ना गाल फुगले. पेन्सिल खालून निघाली, वर गेली, पलीकडून उतरली आणि जिथून निघाली होती तिथेच येऊन मिळाली. पुन्हा एकदा. रेघेवर रेघ. मिस्त्रींनी हा पहिला कागद फाडला नाही.

"चहा नाही टाकलास?" ताईने विचारलं.

"गरज नाही पडली."

ती उतरली आणि कागदाकडे बघत राहिली. मग व्यवहाराच्या आवाजात म्हणाली, "बसायची उंची किती?"

"खुर्चीएवढी. बोळात मावायला अरुंद करावी लागेल, आणि अरुंद गाडी उंच ठेवली तर कलंडेल."

"म्हणजे सगळ्या गावाकडे खालून बघायचं. सायकलवर होते तेव्हा तरी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवायचे. उतरून लंगडत निघाले की नुसती जमीन दिसायची."

हे मिस्त्रींनी आदल्या रात्रभर डोक्यात घोळवलं होतं. "मास्तर कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

"कुठे असणार? खाटेवर."

"आणि बाकीचे?"

"तेही खाटेवरच की." बोलता बोलता ताई थांबली. तिने हात समोर धरून हवेतच खाटेची उंची मोजली, मग खुर्चीची. "जन्मभर त्यांच्याकडे वरून बघत आले," ती हळूच म्हणाली.

गाडी व्हायला तीन आठवडे लागले. मागे दोन चाकं जवळजवळ, पुढे एक, छातीशी हाताने फिरवायची पायडल. पहिल्या दिवशी मिस्त्री बोळाच्या तोंडापर्यंत सोबत गेले.

"सगळं आवळलंस ना?" ताईने विचारलं. "हाताचं पण डावं उलटंच असतं?"

"उलटंच."

"बघ हं. नाहीतर हातात घेऊन येईन."

तिने घंटी दोनदा वाजवली आणि आत शिरली. दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा. हात एका लयीत वर, खाली, वर, खाली. चढावर जरा मंदावली, पण थांबली नाही. वळणावर गाडी वळली आणि ताई दिसेनाशी झाली. मिस्त्रींनी मास्तरांच्या उंबऱ्यावर आदल्या दिवशीच एक उतरती फळी टाकून ठेवली होती. फळीवरून चाकं गेल्याचा आवाज आला, मग मास्तरांचा, छातीतून:

"बाई! आज बाह्या स्वच्छ!"

आणि ताईचा, खाटेच्याच उंचीवरून: "पाय इकडे करा. बडबड नंतर."

मिस्त्री दुकानात परतले. ताईची जुनी सायकल घोड्याला टेकून उभी होती. त्यांनी ती सवयीने उलटी केली, सीट आणि हँडलवर ठेवली, दुरुस्तीला आलेली सायकल ठेवावी तशी. मागचं चाक पुढे फिरवलं. ते नुसतं टिकटिकत राहिलं, पायडल जागचं हललं नाही. मग त्यांनी ते मागे फिरवलं, आणि दोन्ही पायडलं फिरू लागली. उजव्याचा गोल मोठा, डाव्याचा लहान. एक वर गेलं की दुसरं खाली, पाय नसतानाही एकमेकांना सांभाळत.

चाक थांबेपर्यंत ते फडकं हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी चेनला तेल घातलं.