अठ्ठावीस इंचांची वाट

फूटपट्टीसाहेबांना हे नाव गल्लीने ठेवलं होतं, आणि उगीच नव्हतं ठेवलं. एका बांधकाम कचेरीत चाळीस वर्षं नकाशे काढलेला माणूस! निवृत्त झाल्यावरही भिंतीवरचा फोटो टेपने मोजल्याशिवाय टांगायचे नाहीत.

अशा माणसाच्या घरात विपरीत घडलं. बायको जिन्यावरून पडली, पाय कायमचे गेले आणि घरात चाकांची खुर्ची आली. मागच्या अंगणात तिची बाग होती. ती बाग सुकली, आणि तिने मागच्या दाराकडे बघणंच सोडलं. खिडकीचा पडदासुद्धा दिवसभर ओढलेला असायचा. एवढी बडबडी बाई, पण वर्षभरात तोंडातून ‘हो’ आणि ‘नको’ याच्यापलीकडे चकार शब्द निघेना. साहेबांचा जीव नुसता तीळतीळ तुटायचा.

शेवटी त्यांनी पेन्सिल काढली. साहेबांना पालक कुठला आणि गवत कुठलं हे कळत नव्हतं, पण नकाशा कळत होता. दार ते कुंपण सरळ वाट. दोन्ही बाजूंना विटांचे उंच वाफे, बसल्या बसल्या माती हाताला लागेल असे. उंबरा काढून तिथे उतार. बायको दुपारी झोपली की ते तिची रिकामी खुर्ची हळूच ओढून नेत आणि मापं घेत. खुर्ची पंचवीस इंच, दोन्हीकडे दीड-दीड इंच मोकळे, म्हणून वाट अठ्ठावीस इंच.

‘‘साहेब, वाट जरा रुंद करू या का?’’ गवंड्याने विचारलं.

‘‘नकाशात आहे तेवढीच. इंचभर जागा जास्त गेली तर टोमॅटोची एक रांग कमी होईल.’’

गवंड्याने थापी उचलली. शहाण्याला सांगायला जावं कुणी?

बायकोला सांगून ठेवलं होतं, मागे पाइप फुटलाय म्हणून. पंधरा दिवसांनी, वाफ्यांत विकतची रोपं लावून झाल्यावर, साहेबांनी पडदा बाजूला सारला आणि तिला म्हणाले, ‘‘चल.’’ त्यांनी खुर्ची ढकलली, ती उतारावरून अलगद खाली आली आणि वाटेत जाऊन बसली, घासणं नाही की अडणं नाही. बायकोने दोन्हीकडच्या रोपांवरून हात फिरवला. पुदिना चुरगळून नाकाशी धरला. डोळे भरून आले तिचे. साहेबांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

‘‘अहो, सोडा ना जरा,’’ ती म्हणाली.

साहेब मागे सरले. तिने दोन्ही चाकांना हात घातले, जोर लावला आणि लगेच ‘‘आई गं!’’ करून हात वर घेतले. दोन्ही हातांची बोटं विटांवर सोलवटली होती.

साहेब पांढरेफटक पडले. खुर्ची इंचाइंचाने मोजली, अन् ती चालवणारे हात मोजलेच नाहीत! मोजणार कसे? ढकलायला आपण आहोत, हे ते धरूनच चालले होते.

‘‘अगं, मी आहे ना,’’ ते चाचरत म्हणाले. ‘‘म्हणशील तेव्हा आणीन.’’

‘‘तेच तर नकोय मला!’’ बायकोचा आवाज चढला, वर्षभरात पहिल्यांदा. ‘‘तीस वर्षं मी इथे कशाला येत होते, ठाऊक आहे?’’

‘‘झाडांना पाणी घालायला.’’

‘‘डोंबलाचं पाणी! तुमच्यावर चिडले की येत होते. इथे बसून तुम्हाला मनसोक्त शिव्या द्यायचे, मग आत येऊन स्वयंपाक करायचे. आता काय, चिडले की तुम्हालाच सांगू, मला तुमच्यापासून लांब नेऊन सोडा म्हणून?’’

साहेबांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तिला आत नेलं, बोटांना औषध लावलं आणि नकाशा टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी गवंड्याला म्हणाले, ‘‘एका बाजूचा वाफा पाड. वाट किती ठेवायची ते ही सांगेल.’’ बायको खुर्चीतून कोपरं पसरून ‘‘अजून, अजून’’ म्हणत राहिली. साहेबांनी टेप खिशातून काढला नाही. टोमॅटोच्या दोन रांगा गेल्या.

आठवडाभराने सकाळी साहेबांनी बायकोने घड्या घातलेले कपडे उलगडून पुन्हा घडी करायला घेतले. ‘‘माझ्या घड्या वाकड्या वाटतात का तुम्हाला?’’ इथून सुरू झालं, ते थेट साहेबांच्या आईपर्यंत पोचलं. बायकोने खुर्ची गर्रकन वळवली आणि उतारावरून सुसाट खाली गेली. कुंपणापाशी थांबली, घराकडे पाठ करून. तिथून तोंडाचा पट्टा सुरू झाला.

साहेब खिडकीशी उभे राहून ऐकत होते. ती त्यांना मेला म्हणाली, मुलखाचा हट्टी म्हणाली. साहेबांनी डोळे पुसले आणि आवाज न करता एक खुर्ची ओढून घेतली. आज त्यांना एकही शिवी चुकवायची नव्हती.