उकंडरावांचा परस

मीटर-किलो येऊन चाळीस वर्षं झाली म्हणे! झाली असतील. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात सन दोन हजारच्या उन्हाळ्यातही विहीर परसानं मोजली जात होती. परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की पायापासून बोटांपर्यंतची उंची. आता माणूस कोणता, हे ज्याची विहीर तो ठरवणार!

रामप्रसादची विहीर सरकारी योजनेतली. ती खोदायला सिद्धेश्वरहून मुंजाजी आणि त्याची बायको कमलबाई आले होते. ठराव आठ परसांचा. काम अर्धवट सोडलं तर सगळी मजुरी बुडाली. तिकडं त्यांची लेक संध्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि माय मात्र दुसऱ्याच्या विहिरीत खडक फोडत होती.

सोमवारी इंजिनिअर साहेब आले, टेप सोडला आणि म्हणाले, "सोळा मीटर. काम पूर्ण!" रामप्रसादनं हसत अनुदानाच्या कागदावर त्यांची सही घेतली. मंगळवारी सकाळी जीपवाल्यानं निरोप आणला, संध्याला कळा सुरू झाल्या.

"मालक, आमी निघतो," कमलबाई म्हणाली.

"थांबा की! परस कुठं मोजलेत?" रामप्रसादनं आपल्या चुलत्याला, उकंडरावांना बोलावलं. उकंडराव म्हणजे गावातला सगळ्यात उंच माणूस. हात वर केला की छपराला टेकायचा. त्यांच्या मापानं दोर आखून विहिरीत सोडला आणि रामप्रसाद म्हणाला, "पावणेसातच भरले. सव्वा परस बाकी."

सव्वा परस! त्या काळ्या खडकात दहा-बारा दिवस! मुंजाजीनं पहार आपटली. "काल साहेबानं पुरं म्हणलं की!"

"ते मीटर सरकारचे. आपला ठराव परसाचा. बापजाद्यापासून असंच हाय."

कमलबाईचा तोल सुटला. "बराबर हाय मालक! सरकारकडून घ्यायचं तवा मीटर, आमाला द्यायचं तवा परस! माझा नवरा उभा करा, आठ भरतेत का न्हाई बघा. टेपाला मालक-मजूर कळत न्हाई, म्हणून तुमाला तो नको वाटून राहिला!"

रामप्रसाद चिडला. "काका, हात वर करा. तिच्यासमोर पुन्हा मोजू."

उकंडरावांनी हात वर केलाच नाही! "तुझ्या बापानं बी मला असंच उभं केलं, अन् मी मुकाट उभा राहिलो. किती जणांची मेहनत माझ्या या हातानं खाल्ली रे! आता न्हाई. पोरगी अडलीय तिची. जाऊ दे तिला!"

रामप्रसादची मान खाली गेली. "चुकलं माझं, कमलबाई. काम पुरं झालं. यापुढं टेपानंच मोजीन." मजुरी हातावर ठेवून तो स्वतः त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

पण या भांडणात सकाळची जीप निघून गेली होती. दुसरी दुपारी मिळाली. कमलबाई घरी पोचली तेव्हा दिवस मावळला होता. नातू जन्मून चार तास झाले होते, संध्या दमून झोपली होती. शेजारीण म्हणाली, "मायला हाका मारून मारून घसा बसला पोरीचा."

वाचकहो, घेण्याचं आणि देण्याचं माप एकच ठेवा. दोन मापं ठेवणाऱ्याला वाटतं, आपण थोडा खडकच तर जास्त फोडून घेत होतो! लेक हाका मारत होती तेव्हा माय तिच्या उशाशी नव्हती. ती वेळ आता कोण, कोणत्या मापानं परत देणार?