चिमणीच्या बोटाचा थेंब

सुनेने सासूला दारात अडवायचं म्हणजे काय! पंधरा दिवस हेच चाललं होतं. सासूबाई बॅटरीच्या दुकानातून घरी आल्या की सुनेचा हात आडवा. "आधी साबण, मग कपडे बदला, मगच चिमणी."

चिमणी म्हणजे दोन वर्षांची नात. आजीला बघून ती हात पसरायची आणि आजी नळाखाली कोपरापर्यंत फेस करत धुसफुसायच्या. तीस वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून शिशाच्या पट्ट्या काढल्या, लेकरं वाढवली, आणि त्याच हातांना आता घरबंदी!

बोट टोचून केलेल्या तपासणीत चिमणीच्या रक्तात शिसं भरमसाट निघालं होतं. वाढत्या मेंदूला ते घातक, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून घरात कोणाला घास गोड लागत नव्हता. सासूबाई भांडत होत्या खऱ्या, पण चिमणी बोलताना जरा अडखळली की त्यांच्याच काळजात धस्स व्हायचं.

खात्री करायला पुन्हा रक्त घेतलं होतं, या वेळी दंडाच्या शिरेतून. आज निकाल होता.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि त्या हसल्या. "शिसं नसल्यातच जमा आहे. पोरगी ठणठणीत!"

"मग आधीचं ते काय होतं?" सून रडता रडता विचारू लागली.

"बोटाला बाहेरून शिसं लागलेलं असलं तर ते थेंबात उतरतं. टोचताना बोट कोणी धरलं होतं?"

सून छताकडे बघू लागली. सासूबाईंनी आपल्याच हातांकडे पाहिलं. त्या दिवशी त्या दुकानातून तशाच धावत आल्या होत्या. नर्स म्हणाली हात धुवा, तर त्यांनी सुनावलं होतं, "कष्टाचे हात आहेत, चोरीचे नाहीत!" आणि थेंब येईना म्हणून बोट स्वतःच पिळलं होतं.

"मीच," त्या म्हणाल्या. "पोरीच्या नावावर माझ्या हातांची तपासणी झाली म्हणायची."

"मग आता तुमच्या रक्ताचीही करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घ्या की! बादलीभर घ्या!" बाही वर करत त्या इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेर बसलेले लोक डोकावले. चिमणीही टाळ्या पिटू लागली.

दंडाला कापूस धरून त्या सुनेकडे वळल्या.

"तू वागलीस ते बरोबर वागलीस. नीट ऐकून घे, दुसऱ्यांदा हे माझ्या तोंडून निघायचं नाही!"