पश्चिमेकडचे दोन गाळे

खांबाच्या जोडावरचा चंदेरी रंग हेमराज धकाते यांनी चाकूने खरवडला, तेव्हा खालून तांबडी पूड निघाली. ती बोटावर घेऊन त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या चंपतरावांना दाखवली. चंपतराव संस्थेचे सचिव. हरितगृहात दमट हवा असते, थोडा गंज येणारच, असं म्हणून ते चहाला चला म्हणाले.

मौद्याच्या अलीकडे हायवेला लागून या संस्थेचं कृषी महाविद्यालय होतं आणि त्याच्या मागे हे भलंमोठं हरितगृह. आत संत्र्याची रोगमुक्त कलमं तयार होत. संस्थेला असंच दुसरं उभारायचं होतं. त्यासाठी बँक कर्ज देणार होती आणि तारण म्हणून या पहिल्याची आजची किंमत हेमराजांनी ठरवून द्यायची होती. ते उमरेडच्या विणकराच्या घरातले. तंत्रनिकेतनात शिकले आणि पुढे शाळा, गोदामं, वसतिगृहं यांचं मूल्यांकन करत आयुष्य गेलं. शहरातल्या जरीपटका भागात जिन्यावरच्या एका खोलीत त्यांचं ऑफिस होतं. या संस्थेची प्रत्येक इमारत त्यांनीच मोजली होती. घरही बरंचसं याच कामावर चालायचं.

हरितगृहाचा मोठा भाग चांगला बांधलेला होता. पश्चिमेकडचे दोन गाळे मात्र नंतर, घाईत, दुसऱ्या ठेकेदाराने जोडले होते. तिथल्या नळ्या बोल्टने आवळण्याऐवजी जागेवरच वेल्ड केल्या होत्या. त्या आचेत नळीवरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच शिरतो. नळ्याही ठरल्यापेक्षा पातळ होत्या. हेमराजांनी एका खांबाचा पाया उकरून घेतला. कमरेइतकं खोल असायला हवं ते काँक्रीट हातभरही नव्हतं. वाऱ्याला अडवणाऱ्या तिरप्या नळ्या तर लावायच्याच राहून गेल्या होत्या.

आणि नेमक्या त्याच गाळ्यांत, थंडाव्याची जागा म्हणून, डोळे भरणाऱ्या, म्हणजे खुंटरोपाची साल चिरून तिच्यात संत्र्याचा डोळा बसवणाऱ्या, बाया स्टुलांवर बसत. त्यांची मुकादम प्रयागबाई हिने हसत विचारलं, किती किंमत आली साहेब आमच्या घराची? अजून काढायची आहे, एवढंच ते म्हणाले.

ऑफिसात चंपतरावांनी चहाचा कप पुढे सरकवला. ते लबाड नव्हते. त्या ठेकेदाराने त्यांनाही फसवलं होतं, पण ते कबूल करणं आता अवघड होतं.

"हेमराजभाऊ, जेवढा खर्च झाला तेवढी किंमत लिवा. आमी काही बँकेले बुडवून नाही राहिलो."

"खर्च लिवतो ना. पण खर्च अन् किंमत एक नसते. ते दोन गाळे मी शून्य धरतो."

"शून्य काहून? उभे तर आहेत."

"मे महिन्याचं वारं सुटलं का बायांच्या डोक्यावर येतील. पहिले तिथलं बसणं बंद करा."

अहवालात त्यांनी तेच लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढे कळलं की दुसऱ्या मूल्यांकनकाराने पूर्ण किंमत दिली आणि बँकेने ती मानली. संस्थेचं नवं कामही त्यानंतर हेमराजांकडे आलं नाही. किंमत कमी दाखवायची, पण एकदम शून्य कशाला लिहायचं, असं त्यांची बायको प्रेमिला एकदा जेवताना म्हणाली. तिने पुन्हा विषय काढला नाही. शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायची कामं मात्र घ्यायला लागली.

उन्हाळा जवळ आला तसं हेमराजांना स्वस्थ बसवेना. एका संध्याकाळी ते बसने गेले आणि काम सुटायच्या वेळी फाटकाबाहेर थांबले. प्रयागबाई दिसताच त्यांनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"हे मले काहून सांगून राहिले, साहेब? सायबायले सांगा ना."

"सांगतलं. लिहून बी देल्लं."

प्रयागबाई डबा या हातातून त्या हातात करत राहिली. "आमी नाही बसलो तर दुसऱ्या बाया बसवतीन."

"माह्या घरच्या बाईले मी तिथं बसू देल्लं नसतं," हेमराज म्हणाले. "एवढंच सांगाले आलो."

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईने आपलं स्टूल उचलून बाहेर सावलीत ठेवलं. एकेक करत बाकीच्या बायाही निघून आल्या. पर्यवेक्षक रागावला, दुसऱ्या बाया आणतो म्हणाला. आसपासच्या गावांत निरोपही गेले. पण डोळे भरणारा हात एका दिवसात तयार होत नाही, आणि खुंट काही थांबून राहत नाहीत. खुंटाची साल सहज सुटते, ते डोळे भरायचे दिवस सरत चालले. शेवटी चंपतराव स्वतः आले, दोन्ही गाळ्यांतून फिरले आणि त्यांनी दुरुस्तीसाठी फॅब्रिकेटरला बोलावून घेतलं.

मग एके दिवशी प्रयागबाईचा फोन आला. दुरुस्ती झाली म्हणतात, पण खरी की वरवरची ते तुम्हीच येऊन पाहा, असं तिचं म्हणणं होतं.

आता कोणत्या नात्याने आत जायचं, हा प्रश्न होता. कलमं विकत घेणाऱ्यांना मात्र आत सोडत. हेमराजांनी खिडकीवर एका कलमाची पावती फाडली आणि गिऱ्हाईक म्हणून आत गेले. गंजलेल्या पातळ नळ्या बदलल्या होत्या आणि तिरप्या नळ्याही लागल्या होत्या, सगळ्या बोल्टने आवळलेल्या. खांबांच्या बुडाशी नवं काँक्रीट होतं. त्यांनी एकेका खांबाला खांदा लावून जोर दिला. व्हरांड्यातून चंपतराव पाहत होते. त्यांनी हाक मारली नाही आणि अडवलंही नाही.

बाया दाराशी थांबल्या होत्या.

"बसा आता," हेमराज म्हणाले.

प्रयागबाईने स्टूल आत नेलं, पदराने पुसलं आणि चाकू हातात घेतला.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने हेमराजांच्या मांडीवरचं कलम निरखून पाहिलं. चांगलं आहे म्हणाला. "वावर कुठी आहे तुमचं?"

"वावर नाही."

"मंग लावान कुठी?"

हेमराज थोडं हसले. खिडकीतून ऊन येत होतं. त्यांनी कलम दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि त्याच्या पानांवर रुमालाची सावली धरली.