टांगत्या काट्याचा संशय

मी एक जुना टांगता काटा आहे, मित्रांनो. वर कडी, खाली आकडा, मध्ये गोल तबकडी आणि पोटात स्प्रिंग. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावरचा हिरवा रंग कसा चकाकत होता! मग कोंबड्यांच्या एका शेडमध्ये आलो आणि पाय बांधलेल्या कोंबड्या वीस वर्षं तोलत राहिलो. विकणारा माझा आकडा हळूच खाली ओढतो, घेणारा कोंबडीला खालून बोटाचा टेकू देतो, हे मी रोज पाहिलं. म्हणून खरं सांगतो, माझा कुणावरही विश्वास नाही.

सासरेबुवांचा मात्र माझ्यावर होता. शेड त्यांची, हाताशी त्यांच्या सूनबाई. "माणसं खोटं बोलतील, हा नाही बोलणार," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी फुगून जाई. पुढे पुढे मला पुसायचं कुणाच्या लक्षात राहीना. अंगावर तुसाची धूळ बसे, ओल लागे. कौतुक तेवढं चालू होतं.

मागच्या खेपेला आणलेल्या पिल्लांना हगवण लागली. खाद्यात रोज अँटिबायोटिकची पूड असूनही शेकड्यांनी मेली. रोज देऊन देऊन पूड बोथट झाली आहे, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते सूनबाईंनी मनावर घेतलं आणि पुडीऐवजी खाद्यात घालायला ओवा, लवंग, दालचिनीचं तेल आणवलं.

तेलवाला आला तो हसतच. फार हसणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यानं बाटली उघडली आणि सगळी शेड घमघमली. सासरेबुवांनी नाक मुरडलं.

"कोंबड्या पाळतोय की अत्तराचं दुकान काढतोय?"

"बाबा, अर्ध्या शेडला तेल देऊ, अर्धीला पूड," सूनबाई म्हणाल्या. "पाचव्या आठवड्यात वजन करू. तेलाच्या हलक्या भरल्या तर पुन्हा तोंड नाही उघडणार मी. पूड तर पूड."

"काटा सांगेल ते खरं?"

"काटा सांगेल ते."

मध्ये जाळी लागली. एकीकडची घाण दुसरीकडे जाऊ नये म्हणून भांडी वेगळी, झाडू वेगळा, काटाही वेगळा. पुडीकडे बॅटरीवरचा नवा काटा, दीडशहाणा! तेलाकडे मी.

पाचवा आठवडा उजाडला. पुडीच्या कोंबड्या सरासरी दोन किलो भरल्या. माझ्याकडच्या एक किलो आठशे. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तेलवाल्याचं पितळ मीच उघडं पाडलं होतं. सासरेबुवा पुडीचं पोतं ओढायला गेले.

सूनबाईंचे डोळे भरून आले. हातातली कोंबडी त्यांनी दोनदा वरखाली केली. "हाताला तर जड लागतेय," त्या पुटपुटल्या. मग कोठीतून दोन किलोचं लोखंडी माप आणून त्यांनी दोरीनं माझ्या आकड्याला बांधलं.

मी दाखवलं, एक किलो आठशे.

मित्रांनो, धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. स्प्रिंगला गंज चढला होता, फटीत तूस अडकलं होतं. सगळ्यांवर संशय घेतला, एकट्या स्वतःला सोडून! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते हे.

सूनबाईंनी मला उघडून साफ केलं आणि कोंबड्या पुन्हा तोलल्या. तेलानं जादूबिदू केली नव्हती. दोन्हीकडच्या बरोबरीच्या भरल्या. पण माझ्याकडच्या पुडीशिवाय!

"हा खोटं बोलला?" सासरेबुवांनी पोतं सोडून विचारलं. त्यांच्याकडे मला बघवेना.

"त्याचं काय चुकलं, बाबा? वीस वर्षांत आपणच त्याला तपासलं नाही."

पुढच्या खेपेला सगळ्या शेडला तेल आहे. तेलवाला अजून हसतो आणि माझा संशयही गेलेला नाही. एका खेपेवरून काय कळतं? पण आता माझ्या शेजारी ते लोखंडी माप टांगलेलं असतं. मित्रांनो, ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता, त्याला अधूनमधून पुसा आणि तपासा. सासरेबुवा आता कोंबडी तोलण्याआधी ते माप माझ्या आकड्याला लावतात, आणि तबकडीवरचा काटा दोनावर थांबेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.