डोळे मिटायची जागा

धंदा का सुरू करावा यावर हल्ली भाषणं होतात. कुणी स्वप्न सांगतं, कुणी जिद्द. आमच्या गल्लीतल्या धाकटीला विचाराल, तर ती आधी उजवा कान पुढे करील, कारण डावा तिच्या सख्ख्या भावाने कायमचा बंद केलाय. तिच्या धंद्याचं भांडवल म्हणाल तर तेच.

माझं हार्डवेअरचं दुकान तिच्या दादाच्या वेल्डिंग शेडसमोर, म्हणून मला सगळं दिसायचं. वेल्डिंगवाल्यांचा एक नियम असतो. रॉड टेकवण्याआधी किंवा ग्राइंडर चालू करण्याआधी मोठ्याने ओरडायचं, ‘डोळे!’ आजूबाजूचे सगळे हातातलं काम टाकून मान फिरवतात आणि डोळे मिटतात. खरं की खोटं, हे कुणी बघत बसत नाही. बघत बसला तो डोळ्यांनी गेला. नवरा-बायकोत नसेल एवढा विश्वास त्या एका शब्दावर असतो.

दादाने त्या शब्दाची माती केली. कुणाचा राग आला की तो ‘डोळे!’ ओरडायचा आणि समोरच्याने डोळे मिटले की हाणायचा. आधी टपली, मग चपराक, मग हाताला येईल ते. वर म्हणायचा, ‘गंमत रे!’ मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव. कामगारांचे ओठ फुटायचे, पोटासाठी ते गप्प बसायचे, आणि मला तर तो माणूस बघितला की तळपायाची आग मस्तकात जायची.

धाकटी त्याच्याच हाताखाली शिकली, पण तिचा वेल्डिंगचा टाका त्याच्याहून सरळ. एकदा एक गिऱ्हाईक दादासमोरच बोलून गेलं, ‘जिन्याचा कठडा तेवढा बहिणीकडून करून घ्या हो.’ गिऱ्हाईक वळणावर दिसेनासं होतंय तोच दादा ओरडला, ‘डोळे!’ तिने सवयीने मान फिरवली आणि चौकोनी पाइप तिच्या डाव्या कानावर बसला. ती भंगाराच्या ढिगावर कोसळली. त्याने वर बरगडीत लाथ घातली.

ती उठली आणि रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आली. कानातून रक्त गळ्यापर्यंत आलेलं.

‘काका, तुमच्या मागची पत्र्याची शेड रिकामी आहे ना?’

‘अगं बाई, आधी डॉक्टरकडे चल.’

‘आधी शेडचं सांगा. मला डोळे मिटता येतील अशी जागा पाहिजे.’

स्वप्न म्हणा, जिद्द म्हणा, एवढंच होतं.

शेड मी दिली. पहिलं काम मिळालं ते एका पाळणाघराचं फाटक. दादाने बाजारभर सांगून ठेवलं होतं की हिचे टाके सुटतात, त्यामुळे दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. सोमवारी सकाळी फाटक बसलं तर धंदा, नाहीतर मुकाट दादाच्या शेडमध्ये परत. हे तिला ठाऊक होतं, आणि दादालाही.

रविवारी दुपारी तो आला. फाटक तयार होऊन भिंतीला टेकवलेलं होतं.

‘चल घरी.’

‘नाही येणार, दादा.’

त्याने तिचे केस धरले आणि कपाळ टेबलावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. मी मध्ये पडलो, म्हणजे खरोखरच पडलो. माझा पुढचा एक दात तिथेच राहिला. धाकटीने त्याच्या मनगटाचा चावा घेऊन केस सोडवले. त्याने टेबलावरचा ग्राइंडर उचलून तिच्यावर भिरकावला. ती वाकली. मशीन भिंतीवर आदळून खाली पडलं.

आपटलेल्या ग्राइंडरची चकती बघितल्याशिवाय तो चालू करायचा नाही, हे यांच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. धाकटीला दादानेच शिकवलेलं. पण रागाच्या भरात माणूस आधी आपला धंदा विसरतो. त्याने तेच मशीन उचललं.

‘तुझं फाटकच कापतो. मग बघू कुठं जातेस!’

चकतीला केसाएवढा तडा गेला होता. धाकटीला तो दिसला.

‘तडकलीय ती! दादा, डोळे! डोळे!’

तो हसला. ‘माझीच गंमत माझ्यावर?’ आणि तिच्याकडे डोळे वटारून बघत त्याने बटण दाबलं, चकती गजाला टेकवली.

तिने मान फिरवली. मीही फिरवली. फटाका फुटावा तसा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा दादा गुडघ्यांवर होता आणि चकतीचा तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात रुतला होता. बोटांमधून रक्त वाहत होतं. मशीन जमिनीवर गरगरत होतं. धाकटीने लाथेने वायर उपटली आणि त्याचे हात घट्ट धरून ठेवले, तुकडा त्याने ओढू नये म्हणून.

‘खरंच ओरडलीस?’ तो विचारत होता. ‘खरंच?’

‘माझ्या शेडमध्ये खोटं ओरडत नाहीत,’ ती म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली.

डोळा गेला. फाटकाच्या गजावर एक ओरखडा राहिला, बस. सोमवारी कपाळाला पट्टी बांधून तिने ते बसवलं. हळूहळू दादाचे कामगार एकेक करून रस्ता ओलांडून आले आणि त्याच्या शेडला कुलूप लागलं.

बऱ्याच महिन्यांनी वहिनी त्याला घेऊन आली. ‘ताई, दिवसभर भिंतींना शिव्या देत बसतात. काहीतरी काम द्या यांना.’

धाकटीने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिने एका पाइपकडे बोट दाखवलं. ‘ते टोक धर, दादा.’

त्याने धरलं. तिने एका हातात तोंडापुढे धरायची काळी काच घेतली, दुसऱ्यात रॉड. तिच्याजवळच हातोडा पडलेला होता. ‘डोळे!’

सगळ्यांच्या माना फिरल्या. दादाची फिरली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, मग हातोड्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ती थांबली होती. शेवटी त्याने पाठ केली, उरलेला डोळा मिटला आणि फटका झेलायला खांदे आवळून घेतले. मग मीही डोळे मिटले.

मागे नुसता रॉड तडतडायला लागला.